निकालानंतरची फी

‘आत्ता काही देऊ नका, क्लेम झाल्यावर बघू.’ अपघातात घरचा कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबाला नगर जिल्ह्यात वकिलाच्या पहिल्या भेटीत हे वाक्य ऐकायला मिळतं, आणि त्या घडीला त्याचा मोठा आधार वाटतो. दहावा-तेरावा नुकताच उरकलेला असतो. दवाखान्याचं बिल उसनवारी करून भागवलेलं असतं. वकीलपत्रावर सही करायला पैसे लागत नाहीत. कोर्ट फीचा स्टॅम्प वकीलच लावतो. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, गाडीचं आरसी, ड्रायव्हरचं लायसन, विम्याची पॉलिसी हे सगळे ‘पोलीस पेपर’ तोच गोळा करतो. बदल्यात जे ठरतं ते तोंडी ठरतं: मिळेल त्या रकमेतले इतके टक्के. ते कुठंही लिहिलं जात नाही. लिहिलं आणि तक्रार झाली, तर वकिलाची सनद धोक्यात येते.

या टक्क्यांचा घरात काय अर्थ होतो, हे एका हिशेबानं पाहू. समजा, पाथर्डी तालुक्यातला चौतीस वर्षांचा ऊसतोड कामगार रस्त्यावर गेला. मागं बायको, दोन मुलं आणि आई. कमाई महिना १०,००० रुपये धरली, म्हणजे वर्षाला १,२०,०००. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात घालून दिलेल्या रीतीप्रमाणं चाळिशीच्या आतल्या अशा माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: १,६८,०००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा: १,२६,०००. वयाच्या ३१ ते ३५ या टप्प्याला २००९ च्या सरला वर्मा निकालानं ठरवलेला गुणक १६. उत्तर येतं २०,१६,०००. अंत्यविधी, पत्नीचं साहचर्य वगैरेंची रक्कम त्यावर वेगळी. आता यातले वीस टक्के फी म्हणून गेले असं समजा. ते होतात ४,०३,२००, म्हणजे ज्या १,२६,००० वर हे घर वर्षभर चालेल असं कोर्टानं धरलं, तसली तीन वर्षं आणि वर थोडं. हा पैसा विमा कंपनीच्या नफ्यातून जात नाही. तो मुलांच्या शिक्षणातून आणि म्हातारीच्या औषधातून जातो.

वकिलाची बाजूही खरी आहे. केस चार-सहा वर्षं चालते. ड्रायव्हरचं लायसन बोगस निघालं, पॉलिसीची मुदत संपलेली निघाली, साक्षीदार फिरला, तर सगळं अडकतं. निकाल लागला तरी कंपनी संभाजीनगरच्या खंडपीठात अपिलात जाऊ शकते. एवढा काळ स्वतःचे पैसे घालून थांबणारा माणूस त्या कुटुंबाला दुसरा कोणी भेटत नाही. म्हणून टक्केवारी वकिलांच्या हावेतून जन्मली, एवढंच म्हणून थांबणं मला अपुरं वाटतं. भरपाईचा हक्क देणाऱ्या प्रत्येक राजवटीनं तो वसूल करायचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न अर्धवट सोडला. त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत ही टक्केवारी रुजली. तिचा माग या जिल्ह्यातूनच काढता येतो.

मराठेशाहीत वाद गोतसभेपुढं किंवा पंचायतीपुढं चाले आणि पक्षकार आपलं गाऱ्हाणं आपणच मांडत. फुकट मात्र काही नव्हतं. जिंकणारा सरकारला ‘हरकी’ देई आणि हरणारा ‘गुन्हेगारी’ भरे. निकालानंतर आणि निकालामुळं पैसे द्यायचे ही कल्पना आपल्याकडं तेव्हापासूनची आहे, फरक इतकाच की घेणारं सरकार होतं. माणूस मारला गेला तर मारणाऱ्याच्या घरानं मेलेल्याच्या घराला जमीन लिहून दिल्याचे ‘खूनकतबे’ जुन्या दफ्तरांत सापडतात. भरपाई एका घराकडून दुसऱ्या घराकडं थेट जाई. मध्ये हिस्सा मागणारा कोणी नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नगरला कलेक्टर आला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं काही काळ पंचायती चालू ठेवून पाहिल्या, पण १८२७ च्या रेग्युलेशनांनी मुंबई इलाख्यात अदालतींची घडी बसली, तिच्यासोबत सनदी वकीलही आले. त्यांची फी सरकारी तक्त्यानं, दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात ठरे. म्हणजे टक्केवारी खुद्द सरकारनंच शिकवली. त्या तक्त्यातली टक्केवारी दाव्याच्या किमतीवर होती, निकालावर नव्हती, हा भेद पुढं फार महत्त्वाचा ठरणार होता. १८४६ च्या पहिल्या कायद्यानं वकिली सर्व जातिधर्मांना खुली झाली, आणि त्याच कायद्यानं फी किती हे वकील आणि पक्षकार यांनी आपसात ठरवावं अशी मोकळीक दिली. त्या मोकळिकीत दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या आहेत असं गृहीत होतं. दावा करायला आलेली विधवा आणि सनद असलेला वकील एका पातळीवर बसून फी ठरवतील, हे गृहीतक तेव्हाही खोटं होतं.

मृत्यूबद्दल पैसे मागायचा हक्क १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यानं दिला. इंग्लंडमध्ये १८४६ साली लॉर्ड कॅम्पबेलच्या नावानं झालेल्या कायद्याची ती इथली आवृत्ती. मुंबई-ठाणे रेल्वे धावून दोनच वर्षं झाली होती. दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून जाऊ लागली ती १८७८ साली. रूळ आले, यंत्रं आली, हक्कही कागदावर आला. पण तो वापरायचा तर दिवाणी दावा लावायला हवा, आणि १८७० च्या कोर्ट फी कायद्यानं हजार रुपयांपर्यंतच्या दाव्यावर सुमारे साडेसात टक्के रक्कम आधी सरकारला भरायला लावली. नादार म्हणून दावा करायची सोय होती. त्यासाठी आपण कंगाल आहोत हे आधी कोर्टात सिद्ध करावं लागे, आणि वकिलाची फी त्या सोयीत येत नव्हती.

या जिल्ह्यानं वकिलाच्या फीच्या इतिहासात एक फार मोलाचं पान लिहिलं आहे. ते अपघाताचं नाही, कर्जाचं आहे, तरी आजच्या क्लेम केसचा खरा पूर्वज मला तिथंच दिसतो. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या आणि दंग्याचं लोण भीमेपलीकडून नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांत पोचलं. चौकशीला सरकारी आयोग बसला. जे समोर आलं त्यात व्याजाइतकाच कोर्टाचा भाग होता. सावकाराकडं वकील होता. कुणबी कोर्टात जातच नसे, गेला तर त्याला काय चाललंय ते कळत नसे. एकतर्फी हुकूमनामे होत आणि जमिनी जात.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. कर्जाच्या हिशेबात मागं जाऊन पाहण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, गावमुन्सफ आणि सलोखा करणारे नेमले गेले, हे इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. त्यातली वकिलांविषयीची दोन कलमं मात्र फारशी कोणी सांगत नाही. पहिलं असं, की सलोखा करणाऱ्यापुढं, गावमुन्सफापुढं आणि लहान रकमेच्या दाव्यांत वकिलांना सहसा उभं राहता येणार नाही. दुसरं याहून धाडसी: समोरच्या बाजूला वकील असेल आणि शेतकऱ्याला वकील करायची ऐपत नाही असं न्यायाधीशाला वाटलं, तर जिल्हा न्यायाधीशाच्या मंजुरीनं सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य माणसाला शेतकऱ्याच्या बाजूनं उभं करता येईल. नीट पाहिलं तर आज मोफत विधी सहाय्य म्हणतात त्याचा गाभा यात आहे. एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी लढत न्यायाची नसते, हे नगर जिल्ह्यासाठी कायद्यानं १८७९ मध्ये मान्य केलं होतं. घटनेत तशी तरतूद यायला पुढं सत्त्याण्णव वर्षं गेली.

दुसरा पूर्वज कारखान्याचा. १९२३ चा कामगार भरपाई कायदा जुलै १९२४ पासून लागू झाला. विसाव्या शतकाच्या त्याच दशकात श्रीरामपूरजवळ हरिगावला बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याची उभारणी झाली आणि या जिल्ह्यात मळी, वाफ, पट्टे, चक्रं यांच्यामध्ये काम करणारा नवा मजूर तयार झाला. या कायद्याची रचना आजही मला मोटार कायद्याहून शहाणी वाटते. मृत्यूची भरपाई मालकानं परस्पर घरच्यांच्या हातात द्यायची नाही, आयुक्ताकडं जमा करायची. परस्पर दिली तर ती दिली असं धरलंच जात नाही. आयुक्तापुढं मजुराच्या वतीनं वकीलच हवा असं नाही, युनियनचा पदाधिकारीही उभा राहू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं नववं कलम: भरपाईची रक्कम कोणाच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही, ती जप्त होत नाही. सावकारापासून वाचवायला लिहिलेलं हे कलम टक्केवारीलाही दार बंद करतं. मोटार कायदा लिहिताना हे कलम उचलून का घेतलं नाही, याचं मला खरोखर दुःख होतं.

आता रस्त्यावर येऊ. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला, तो भाग १ जुलै १९४६ पासून अमलात आला. दोन वर्षांनी, १ जून १९४८ ला, राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर मार्गावर. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे ही नावं नगरकरांना पाठ आहेत. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि मग ऊस वाहणाऱ्या गाड्यांचे तांडे, पुढं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, रात्रीच्या रस्त्यांवर आले. नगरचे वकील कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे सभापती होते; त्यांच्याच घरातून पुढं रिक्षा आणि लुना सामान्य माणसाच्या दारात आल्या. वाहन गावागावांत पोचलं तसा अपघातही पोचला.

१९५६ मध्ये मोटार कायद्यात दुरुस्ती होऊन अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण आलं. तेच आजचं एमएसीटी, जिथं जिल्हा न्यायाधीश बसतात. दिवाणी दाव्याच्या मानानं कोर्ट फी खूपच कमी झाली, पुरावा कायद्याची कडक रीत सैल झाली. १९८२ मध्ये चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी १५,००० रुपये ताबडतोब देण्याची तरतूद आली, १९८८ च्या नव्या कायद्यात ती २५,००० आणि १९९४ मध्ये ५०,००० झाली. १९९४ च्याच दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी केल्या. दावा करायची सहा महिन्यांची मुदत काढून टाकली, आणि अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करायची मुभा दिली. शेवगाव, पाथर्डी, जामखेडचा माणूस ऊसतोडीला कर्नाटकात गेला आणि तिकडंच गाडीखाली सापडला, तर त्याच्या घरच्यांना आता तिकडची कोर्टं पालथी घालावी लागत नव्हती. या बदलाचं मोल या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पण एवढ्या सगळ्या सुधारणांत एक खर्च कोणीच उचलला नाही. कंपनीच्या वकिलाला कंपनी पैसे देते, केस हरली तरी देते, आणि ते पैसे तुम्हा-आम्हा गाडीवाल्यांनी भरलेल्या हप्त्यांतून येतात. समोरच्या विधवेच्या वकिलाला कोण देणार, यावर कायदा गप्प राहिला. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या सुसम्मा थॉमस निकालानंतर गुणकाच्या हिशेबानं रकमा वाढत गेल्या. रक्कम वाढली तशी तिच्यातल्या हिश्शाला किंमत आली. आपल्याकडं जमीन कसायला ऐपत नसली की ती अर्धलीनं देतात. बी-भरण, मेहनत कसणाऱ्याची आणि पीक निम्मं-निम्मं. क्लेमचंही तसंच झालं, फक्त इथं जमिनीच्या जागी मेलेल्या माणसाची पुढची कमाई होती.

हा हिस्सा वकिलानं घेऊ नये, ही बंदी कुठून आली? मूळ इंग्लंडचं. दुसऱ्याच्या दाव्यात पैसा घालून निकालात वाटा घेणं तिकडं गुन्हा होता. १८७६ मध्ये मात्र प्रिव्ही कौन्सिलनं कलकत्त्याच्या एका प्रकरणात सांगितलं, की तो इंग्रजी नियम हिंदुस्थानात लागू नाही. वाटा अवाजवी किंवा पिळवणुकीचा असेल तर करार मोडता येईल, एरवी असा करार चालेल. मुंबईकडच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तर दाव्याला पैसा पुरवणाऱ्या तिऱ्हाइताला पक्षकार करून त्याच्याकडून खर्चाचा जामीन घेण्याची वेगळी तरतूद आहे. असा माणूस असतो, हे त्यात गृहीतच आहे. म्हणजे सावकारानं दाव्यात पैसे लावले तर कायद्याची हरकत नव्हती. बंदी राहिली ती वकिलापुरती.

ती बंदी मुंबईच्याच एका प्रकरणानं पक्की केली. एका ज्येष्ठ वकिलानं डिसेंबर १९५२ मध्ये पक्षकाराशी लेखी करार केला, की दाव्यातून जे वसूल होईल त्यातला निम्मा भाग आपला. मुंबई हायकोर्टानं त्याला सहा महिने निलंबित केलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९५४ मध्ये निकाल आला. निकालपत्रात वकिलाचं नाव नाही, तो फक्त ‘जी’ या अक्षरानं ओळखला जातो. कोर्टानं मान्य केलं, की हाच करार दोन सामान्य माणसांमध्ये असता तर तो कायदेशीर ठरला असता. वकिलानं केला म्हणून ते व्यावसायिक गैरवर्तन. कारण ज्याचा निकालात पैसा अडकला त्याचं कोर्टाशी असलेलं नातं बदलतं. तो न्यायालयाला मदत करणारा अधिकारी राहत नाही, दाव्यातला भागीदार होतो. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली बार कौन्सिलनं १९७५ मध्ये नियम केले, त्यातला विसावा नियम हेच सांगतो: निकालावर अवलंबून फी ठरवू नये आणि वसुलीत वाटा घेऊ नये.

मला या तत्त्वाबद्दल आदर आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर निकालातल्या हिश्श्यावर काम करणारे अमेरिकन वकील वकीलपत्रांवर अंगठे घेत फिरले, ते दृश्य कोणालाही लाज वाटावी असं होतं, आणि १९८५ मध्ये केंद्र सरकारनं कायदा करून सगळे दावे आपल्याकडं घेतले. पण ज्या इंग्लंडकडून आपण ही बंदी घेतली त्यानं पुढं काय केलं, तेही पाहायला हवं. तिथं १९६७ मध्ये हा गुन्हा रद्द झाला. १९९० च्या कायद्यानं ‘जिंकलो तर फी’ या कराराला मान्यता मिळाली. २०१३ पासून शारीरिक इजेच्या दाव्यांत वकिलाच्या यशाच्या जादा फीवर भरपाईच्या २५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी, पुढच्या कमाईसाठी मिळालेल्या रकमेला त्यात हात लावता येत नाही. म्हणजे त्यांनी व्यवहार उघड्यावर आणला, त्याला कुंपण घातलं, आणि जखमी माणसाच्या उद्याच्या भाकरीला वेगळं काढलं. आपण बंदी ठेवली आणि व्यवहार अंधारात राहू दिला. अंधारातल्या टक्क्याला कमाल मर्यादा नसते, पावती नसते, तक्रारही नसते.

न्यायालयांनी पैसा वाचवायचे उपाय केले, ते दुसऱ्या टोकाकडून. सुसम्मा थॉमस निकालानं गुजरात हायकोर्टाची १९८२ ची तत्त्वं उचलून सांगितलं, की अडाणी, अज्ञान किंवा विधवा अर्जदारांची रक्कम बँकेत दीर्घ मुदतीच्या ठेवीत ठेवावी, म्हणजे ती कोणी उडवणार नाही. हेतू चांगला होता. त्रास मात्र विधवेलाच झाला. मुलीचं लग्न निघालं, घर गळायला लागलं, तर एफडी मोडायला पुन्हा कोर्टात अर्ज, पुन्हा वकील, पुन्हा खर्च. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टालाच सांगावं लागलं, की हा नियम यांत्रिकपणे लावू नका, माणूस पाहून ठरवा.

मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टापुढं तेलंगणातलं प्रकरण आलं, आणि ते या सगळ्या इतिहासाचा कस पाहणारं होतं. पती १९९८ मध्ये अपघातात गेलेला. पत्नीनं क्लेम केला, भरपाई मिळाली, वकिलाला मोठी रक्कम दिलीही. वर आणखी फीसाठी तिच्याकडून चेक लिहून घेतला गेला. तो वटला नाही आणि वकिलानं तिच्यावरच चेक बाउन्सचा खटला भरला. भरपाई मागायला गेलेली बाई आरोपीच्या पिंजऱ्यात आली. न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठानं तो खटला रद्द केला: निकालाच्या टक्केवारीवर मागितलेली फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, तिची कायद्यानं वसुली होत नाही. वकिलीच्या फीवर नियंत्रण आणणारा कायदा करावा, याकडंही कोर्टानं सरकारचं लक्ष वेधलं. असा सर्वंकष कायदा झालेला नाही. कोर्टाच्या आवारातल्या दलालांची यादी करून त्यांना आत येण्यास मज्जाव करायचं जुनं ब्रिटिशकालीन कलम तेवढं २०२३ च्या दुरुस्तीनं अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये आणलं गेलं. दवाखान्याच्या दारात आणि पोलीस ठाण्याबाहेर घुटमळणारा माणूस त्यात सापडेलच असं नाही.

मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुढचं पाऊल टाकलं: विमा कंपनीनं भरपाई न्यायाधिकरणात न अडकवता अर्जदाराच्या बँक खात्यावर थेट भरावी. चेक कोर्टातून काढायला लागणाऱ्या खेपा, अर्ज, दरम्यानचे हात, हे यानं कमी होतील. मला हा निर्णय मनापासून पटतो. पण जो वकील पाच वर्षं थांबला त्याला रास्त मोबदला कोणी द्यायचा, हे यातही ठरलेलं नाही, आणि ते ठरत नाही तोवर पैसे खात्यावर येण्याआधीच कोरे चेक घेण्याची सवय वाढेल अशी मला भीती आहे.

यावर मार्ग आहे आणि तो फार अवघड नाही. निवाड्यात ‘खर्चासह’ हा शब्द आजही असतो. शेजारच्या कर्नाटकात तर वकिलाची फी म्हणून रक्कम निवाड्यात लिहितात, फक्त ती अगदी किरकोळ असते. न्यायाधिकरणानं किती तारखा झाल्या, किती साक्षीदार तपासले, कंपनीनं किती ताणलं हे पाहून अर्जदाराच्या वकिलाची रास्त फी ठरवावी, ती भरपाईच्या वर कंपनीकडून वेगळी घ्यावी आणि वकिलाच्या खात्यावर पाठवावी. कंपनी स्वतःच्या वकिलाला हप्त्याच्या पैशातून फी देतेच. अर्जदाराच्या वकिलाचीही त्याच पैशातून द्यायची. भरपाईला मग कोणी हात लावायची गरज राहणार नाही, आणि केस विनाकारण लांबवणं कंपनीलाही महाग पडेल.

ते होईपर्यंत जे हाताशी आहे ते, म्हणजे मोफत विधी सहाय्य, वापरायला हवं. मुंबई सरकारनं न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायदेशीर मदत देण्याविषयी समिती नेमली ती १९४९ मध्ये. घटनेत मोफत विधी सहाय्याचं कलम आलं १९७६ मध्ये, कायदा झाला १९८७ मध्ये, आणि तो देशभर लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडलं. या कायद्याखाली स्त्रियांना, मुलांना, अपंगांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. अपघातात नवरा गमावलेली बाई यात बसते, पाय गमावलेला मजूरही बसतो. नगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्यांना समित्या आहेत. अर्ज साध्या कागदावर चालतो. नेमलेल्या वकिलानं पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. या पॅनेलवरच्या वकिलांचं मानधन मात्र इतकं कमी आहे, की सगळ्यात अनुभवी क्लेम वकील तिकडं वळत नाहीत. सरकारनं हे मानधन वाढवणं हा खर्च नाही, १८७९ पासूनची थकबाकी आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनं, १ एप्रिल २०२२ पासून, सहा महिन्यांची मुदत परत आणली. त्यामुळं पहिले दिवस महत्त्वाचे झाले. त्याच दुरुस्तीनं पोलिसांवर तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडं आणि विमा कंपनीकडं पाठवण्याची जबाबदारी टाकली, आणि तो अहवाल म्हणजेच भरपाईचा अर्ज असं न्यायाधिकरणानं धरायचं आहे. मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, चूक सिद्ध न करता, हा हक्कही तेव्हापासूनचा. म्हणजे राहुरी, कोपरगाव, संगमनेर, जिथं अपघात झाला तिथल्या ठाण्यात घरच्यांनी पहिल्या आठवड्यात जाऊन विचारायचं ते एवढंच: आमचा अहवाल एमएसीटीला कधी पाठवणार, आणि त्याची प्रत आम्हाला कधी देणार. ही प्रत घेऊन मग वकिलाकडं जावं, विधी सेवेच्या किंवा खासगी, आणि खासगी असेल तर फीचा आकडा रुपयांत ठरवून, दोघांच्या सहीनं कागदावर घ्यावा.